झाकणाखालची स्वच्छता

दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या टेकडीवर, पृथ्वीगोलावर उभा असलेला भगवान परशुरामांचा भव्य पुतळा दुरूनही नजरेत भरतो. समुद्राला मागे हटवून त्यांनी ही भूमी निर्माण केली, ही कोकणी माणसाची शतकानुशतकांची श्रद्धा आहे. वर जांभ्याचा सडा, उतारावर घरे आणि वाड्या, तळाशी मच्छिमारांची वस्ती व वाळूची पुळण असे कोकणचे सारे भूरूप या एका गावात एकवटलेले दिसते. अशा भूमीला वंदन करणे सोपे आहे. तिच्या पोटात रोज काय लोटले जाते, हे पाहणे मात्र कोणालाच रुचत नाही.

गेली पंचवीस वर्षे ग्रामस्वच्छतेची चर्चा 'घरात शौचालय आहे की नाही' या एकाच प्रश्नाभोवती फिरली. तो प्रश्न महत्त्वाचा होता आणि बहुतांशी सुटलाही. पण शौचालयाच्या भांड्यातून जे खाली जाते ते कोठे जाते, तेथे किती काळ राहते आणि अखेरीस कोणाच्या हाताला लागते, या पुढच्या प्रश्नावर समाजाने सिमेंटचे झाकण घातले आहे. हे मौन एकट्या बुरोंडीचे नाही. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक किनारी गावाचे आणि त्या गावांत सुट्टीपुरते येणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचे ते आहे. पर्यायी स्वच्छता व्यवस्थांचे मूल्यमापन करायचे असेल, तर आधी हे झाकण उचलावे लागेल.

मोजणी पूर्ण, प्रश्न अपूर्ण

महाराष्ट्राने या क्षेत्रात देशाला वाट दाखवली, हे निर्विवाद आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि हातात खराटा घेतलेली गावेच्या गावे उभी राहिली. केंद्राने २००३ मध्ये निर्मलग्राम पुरस्काराची घोषणा केली. पुढील काही वर्षांत या पुरस्कारांच्या यादीत महाराष्ट्र देशात सर्वांत पुढे होता. सत्कार झाले, कमानी उभ्या राहिल्या, सरपंच दिल्लीला जाऊन आले. आणि मग २०११ ची जनगणना झाली. तिच्या आकड्यांनुसार ग्रामीण महाराष्ट्रातील जेमतेम ३८ टक्के घरांच्या आवारात शौचालय होते. पुरस्कारांचा डोंगर आणि वस्तुस्थितीची दरी यांतील हे अंतर कोणालाही अंतर्मुख करणारे होते.

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने हे चित्र पालटले. पात्र कुटुंबाला १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळाले. पाच वर्षांत देशाच्या ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. पहाटेच्या अंधाराची वाट पाहण्याच्या अपमानातून कोट्यवधी माता-भगिनींची सुटका झाली. लाल किल्ल्यावरून देशाच्या पंतप्रधानाने शौचालयाविषयी बोलावे, याची ज्यांनी थट्टा केली, त्यांना त्या अंधाराची कधी कल्पनाच नव्हती.

परंतु यशाचे कौतुक करणाऱ्यांनीच त्यातील उणिवेवर बोट ठेवले पाहिजे. विरोधकांवर ते काम सोपवून चालत नाही. बांधकाम मोजता येते, म्हणून ते मोजले गेले. खड्डा शास्त्रशुद्ध आहे की नाही, दुसरा खड्डा खरोखर खणला की केवळ कागदावर दाखवला, शेजारची विहीर किती पावलांवर आहे, हे मोजण्यास वेळ लागतो. २०२० पासूनच्या अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळाच्या व्यवस्थापनाचा आणि एक खड्डा असलेल्या शौचालयांना दुसरा खड्डा जोडण्याचा समावेश करावा लागला, यातच पहिल्या टप्प्यात काय राहून गेले याची कबुली आहे.

टाकी नावाची पळवाट

कोकणात चार पैसे हाती आले की माणूस पहिल्यांदा घर पक्के करतो आणि घरामागे सेप्टिक टाकी बांधतो. टाकी हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. दोन खड्ड्यांचे शौचालय गरिबाचे, टाकीचे शौचालय प्रतिष्ठिताचे, अशी एक नवी वर्णव्यवस्थाच जणू रूढ झाली. जितकी टाकी मोठी तितका मालक निश्चिंत, कारण 'आमची टाकी वीस वर्षांत कधी भरली नाही' असे तो अभिमानाने सांगू शकतो.

या अभिमानातच अज्ञान दडलेले आहे. सेप्टिक टाकी मैला नष्ट करीत नाही. ती घन भाग तळाशी साठवते, थोडाफार कुजवते आणि वरचे दूषित पाणी पुढे सोडते. त्या पाण्यात रोगजंतू विपुल असतात, म्हणूनच पुढे योग्य शोषखड्डा असणे आणि दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणे अनिवार्य आहे. जी टाकी वीस वर्षांत भरत नाही, तिचा एकच अर्थ संभवतो: ती गळते आहे. तिचा तळ किंवा भिंत फुटलेली असते, नाहीतर गाळच पाण्याबरोबर बाहेर वाहत असतो. घरमालक ज्याला टाकीचे यश समजतो, ते त्याच्या विहिरीचे अपयश असते.

कोकणातील घराची रचना लक्षात घेतली म्हणजे धोका अधिक स्पष्ट होतो. घर, मागे नारळी-पोफळीचे आगर आणि आगराला पाणी देणारी विहीर हा या भूमीचा जुना संसार आहे. टाकी आली ती याच चिंचोळ्या आवारात. दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात भूजल वर येते, शोषखड्डे तुडुंब भरतात आणि टाकीचे पाणी, विहिरीचे पाणी व पावसाचे पाणी यांच्यातील सीमारेषा पुसली जाते. जांभा दगड वरून कठीण दिसला तरी आतून भेगाळलेला व सच्छिद्र असतो. पाणी त्यातून मातीसारखे गाळून जात नाही, धावत जाते. कावीळ, विषमज्वर आणि गॅस्ट्रो यांचे मूळ अशा वेळी बाजारातल्या उघड्या पदार्थांत शोधले जाते. घरामागच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही.

त्यात भर पडते ती चाकरमान्यांच्या घरांची. मुंबई-पुण्यात स्थिरावलेले कुटुंब गावी तीन शौचालयांचे घर बांधते. वर्षाचे दहा महिने ते बंद असते. गणपतीत आणि शिमग्यात एकदम पंधरा-वीस माणसे उतरतात, छतावरच्या टाकीतून सढळ हाताने पाणी सोडले जाते आणि सेप्टिक टाकीत जे दोन दिवस थिजून तळाशी बसायला हवे, ते काही तासांत बाहेर ढकलले जाते. गणपती येतात भर पावसाळ्यात, म्हणजे नेमके भूजल सर्वांत वर असताना. पर्यटकांच्या निवासांचे गणितही याहून फारसे वेगळे नाही. श्रीगणेशाच्या नैवेद्याला ज्या विहिरीचे पाणी वापरायचे, तिच्यात आपणच काय मिसळतो आहोत, हा प्रश्न त्या आठ-दहा दिवसांत कोणाच्या मनाला शिवतो का?

यदाकदाचित टाकी उपसण्याचा प्रसंग आलाच, तर तालुक्याच्या गावाहून उपसा करणारी गाडी येते. ती गाडी पुढे कोठे रिकामी होते, हे पैसे देणारा विचारीत नाही. प्रक्रियेची सोय नसेल तेथे तिला ओढा, माळ आणि खाडी हेच पर्याय उरतात. आणि खाडीत गेलेले खाडीतच राहत नाही. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या अंगात साठतात. घरातून बाहेर काढलेली घाण समुद्राच्या वाटेने पुन्हा ताटात येते.

जेथे गाडी पोहोचत नाही, तेथे माणूस उतरतो. हे या पळवाटेचे सर्वांत लाजिरवाणे टोक. टाकीत साठणारे हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू काही क्षणांत माणसाचा बळी घेतात. मुंबईत गोवंडी येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत २३ डिसेंबर २०१९ रोजी तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई मिळावी, यासाठी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मैला हाताने उचलण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक कायदा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांसाठी १० लाखांची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवली. कायदा कडक होत गेला, भरपाई वाढत गेली, तरी मृत्यू थांबले नाहीत. उतरणाऱ्या माणसाची जात मात्र विचारावी लागत नाही. सर्वांना ती ठाऊक असते.

चार कसोट्या

टिकाऊ व्यवस्था कोणती, हे ठरवण्यासाठी परदेशी सल्लागारांच्या जाडजूड अहवालांची गरज नाही. चार साध्या कसोट्या पुरेशा आहेत: पाणी, जमीन, खर्च आणि माणूस. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला गेल्यावर ती चालेल का? भर पावसात विहीर स्वच्छ ठेवील का? वीज नसताना आणि अनुदान संपल्यावर गावाला झेपेल का? आणि तिचा शेवट कोणा दुसऱ्याच्या अपमानात तर होत नाही ना? बुरोंडीसारख्या गावाला या कसोट्या लावल्या, तर काय दिसते?

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय पाण्याच्या कसोटीवर सहज उतरते. तीव्र उताराच्या भांड्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. टाकीच्या फ्लशला त्याच्या कित्येक पट पाणी लागते. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा साधारण एक मीटर व्यासाचा खड्डा भरायला सुमारे तीन वर्षे लागतात. मग जोडचौकोनातील वाट बदलून मैला दुसऱ्या खड्ड्यात सोडायचा आणि पहिला किमान दीड ते दोन वर्षे बंद ठेवायचा. एवढ्या काळात आतील मैल्याची माती होते. तिला दुर्गंधी राहत नाही आणि ती घरच्या माणसाला फावड्याने काढता येते. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून 'सुलभ'च्या माध्यमातून ही पद्धत देशभर नेली. तिचे यश मात्र पूर्णपणे गवंड्यावर अवलंबून असते. जाळीदार बांधकामाऐवजी भिंती आणि तळ सिमेंटने लिंपले, किंवा दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवले, की त्या शौचालयाची निकृष्ट टाकी झाली म्हणून समजावे.

पण जमिनीची कसोटी ही पद्धतदेखील सगळीकडे उत्तीर्ण होत नाही, हे प्रचारकांनी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खड्ड्याच्या तळापासून भूजलाची सर्वोच्च पातळी किमान दोन मीटर खाली असावी आणि विहीर किमान दहा मीटर दूर असावी, हे मातीच्या जमिनीचे गणित झाले. उतारावर, जेथे लाल मातीचा चांगला थर आहे, तेथे दोन खड्डे हा निःसंशय उत्तम मार्ग आहे. भेगाळलेल्या सड्यावर दहा मीटरचे अंतर फसवे ठरू शकते. पुळणीच्या वाळूत तर पाणी हातभर खोलीवर लागते. अशा ठिकाणी खड्डे जमिनीपासून उंच उचलणे, तळ बंद करून भोवती अर्धा मीटर वाळूचे वेष्टण देणे, हे करावेच लागते. आणि तेही शक्य नसेल तेथे कोरड्या पद्धतीकडे वळावे लागते. सरकारी नकाशातील एकच आराखडा सडा, उतार आणि पुळण या तिन्ही ठिकाणी ठोकून देणे हा अडाणीपणा आहे, मग त्यावर कितीही मोठ्या अभियंत्याची सही असो.

कोरड्या पद्धतीत जमिनीच्या वर दोन बंद कप्पे असतात. मूत्र आणि धुण्याचे पाणी वेगळे काढले जाते, मैल्यावर प्रत्येक वेळी राख, माती, भाताचे तूस किंवा पालापाचोळा टाकला जातो. एक कप्पा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याला मुरू द्यायचे. पाणी नाममात्र लागते, विहिरीला धोका नसतो आणि नारळी-पोफळीला खत मिळते. कोकणच्या दमट हवेत मात्र खत मुरण्यास अधिक अवधी द्यावा लागतो, कारण जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात. शिवाय ही पद्धत घरातील प्रत्येकाकडून शिस्त मागते. पाहुणा, लहान मूल, वृद्ध यांपैकी एकाने जरी कप्प्यात पाणी ओतले तरी दुर्गंधी सुरू होते. शिस्त असेल तेथेच ती टिकते, हे मान्य करूनच तिचा पुरस्कार करावा.

बायोगॅसला जोडलेले शौचालय पुष्कळांना मोहात पाडते. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला सुमारे एक घनफूट वायू मिळतो. पाच जणांच्या घराची चूल त्यावर चालत नाही. गोठ्यात जनावरे असतील तरच हिशेब जमतो. कोकणात गोठे ओस पडत चालले आहेत. म्हणून घरोघरी या पद्धतीचा आग्रह धरण्यापेक्षा आश्रमशाळा, वसतिगृहे आणि भक्तनिवास यांनी ती स्वीकारणे शहाणपणाचे.

जिवाणूंची जैवटाकी हा सध्याचा नवा उत्साह आहे. संरक्षण संशोधन संस्थेने बर्फाळ सीमेवरील जवानांसाठी केलेले हे कार्य मोलाचे आहे. पण रेल्वेने ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्यावर शौचालये तुंबण्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात त्यांची नोंद झाली. फिनेल, प्लास्टिक आणि चिंध्या आत गेल्या की जिवाणू काम सोडतात. शिवाय तिच्यातून निघणारे पाणी निर्जंतुक नसतेच. गावच्या जत्रेत दिसणाऱ्या विक्रेत्याच्या फलकावर यातील काहीही लिहिलेले नसते.

कणकवलीहून देहूपर्यंत

एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील संस्थांनी 'पर्यावरणीय स्वच्छता' या नावाने कोरड्या शौचालयांचे नवे तत्त्वज्ञान भारतात आणले, आणि आपल्याकडील परिसंवादांत त्याचे डोळे दिपवणारे स्वागत झाले. वास्तविक हे ज्ञान याच कोकणच्या मातीत जन्मले होते. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला, तेव्हा कणकवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती. आळीपाळीने वापरायच्या दोन कप्प्यांचा, मैल्याचे सोनखत करणारा 'गोपुरी संडास' त्यांनी सिद्ध केला. १८९४ मध्ये जन्मलेल्या या पदवीधर ब्राह्मणाने हे काम पुस्तकात वाचून केले नव्हते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, मैला साफ करण्याचे काम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्नत्याग केला. राजबंद्याने झाडू मागावा आणि सरकारने जातीचे कारण पुढे करून तो नाकारावा, असा तो प्रसंग होता.

त्याच काळात रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकर स्थानबद्ध होते. १९२४ ते १९३७ या वर्षांत त्यांनी सहभोजने घडवली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. सावरकर आणि पटवर्धन यांचे विचार दोन ध्रुवांवरचे. पण जिल्हा एक होता, आणि अस्पृश्यता हा शत्रूही एक होता. एकाने मंदिराचे दार उघडले, दुसऱ्याने संडासाचे. समाजाने पहिल्या दाराचा निदान गौरव तरी केला. दुसरे दार उघडणाऱ्याला 'कोकणचे गांधी' ही पदवी देऊन तो मोकळा झाला.

अप्पासाहेबांचा धागा पुढे नेला तो देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी. तुकोबांच्या गावी आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या या तरुण डॉक्टरने प्रारंभी उभारलेले संडास पहिल्याच पावसाळ्यात कोसळले. लोक हसले असतील. डॉक्टर हटले नाहीत. अप्पासाहेबांच्या संपर्कातून त्यांनी तंत्र शिकून घेतले, 'मलप्रभा' हा बायोगॅस संडास रुजवला आणि चार-पाच दशके त्याच एका ध्यासाला वाहून घेतले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पहिल्या पावसात कोसळलेल्या त्या संडासांनी जो धडा दिला, तो आजच्या अभियंत्यांना का घेता येऊ नये? जे बांधकाम इथला पावसाळा सोसत नाही ते इथले नव्हे, मग ते युरोपातून आलेले असो की मंत्रालयातून.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप असा, की सेप्टिक टाकी शास्त्रीयच आहे, तिला सरसकट दोष का? बरोबर आहे. दोन कप्प्यांची, जलबंद, पुढे शोषक्षेत्र असलेली आणि नियमित उपसली जाणारी टाकी शास्त्रीय आहे. पण अशी टाकी गावात किती घरांमागे आहे, हे छातीवर हात ठेवून सांगावे. जेथे टाकीला पर्याय नाही, उदाहरणार्थ पर्यटक निवासांत, तेथे तिच्या पुढे कर्दळीसारख्या वनस्पतींच्या मुळांतून पाणी शुद्ध करणारा वाफा हवा आणि उपशाचे वेळापत्रक हवे. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ पासून शहरातील टाक्या ठरलेल्या फेरीने उपसण्याची योजना सुरू केली. मालक बोलावील तेव्हा न जाता गाडी आपल्या वारीला येते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. दापोली तालुक्यातील ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन असे एक केंद्र चालवणे अशक्य कोटीतील नाही. तालुक्यातच कोकण कृषी विद्यापीठ आहे. प्रक्रिया केलेल्या खताची शास्त्रीय परीक्षा करायला दूर जाण्याचीही गरज नाही.

दुसरा आक्षेप, शहरासारखी भुयारी गटारे घालून प्रश्न एकदाचा मिटवावा. चढउताराच्या, विखुरलेल्या वाड्यांच्या गावात गटारांना ठिकठिकाणी पंप लागतील आणि पंपांना वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड उद्ध्वस्त केले, तेव्हा कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. त्या दिवसांत पंपावर चालणारी व्यवस्था काय कामाची ठरली असती? बादलीभर पाण्यावर चालणारा साधा संडासच आपत्तीत सोबत करतो. मोठ्या शहरांचीही गटारे अखेर नद्यांत आणि समुद्रातच मिळताना दिसतात, तो आदर्श खेड्यांनी का घ्यावा?

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे बोलत नाही, पण खरा तोच आहे: 'खड्डा आपण उपसायचा? आपण?'

किळसेचे मूळ

येथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि धर्माचा प्रश्न सुरू होतो. दोन वर्षे मुरलेल्या खड्ड्यात मैला उरत नाही, माती उरते. शेण हाताने सारवणारा, गांडूळखत विकत आणणारा शेतकरी त्या मातीला मात्र हात लावत नाही. ही किळस नाकाची असती तर गंध गेल्याबरोबर ती गेली असती. ती जातीची आहे, म्हणून गंध गेल्यावरही टिकते. मोहेंजोदडोच्या गटारांचा अभिमान सांगणाऱ्या समाजानेच टोपलीचे संडास आणि त्यांच्यासाठी वेगळे बोळ निर्माण केले, हे विसरता येत नाही. बर्वे समितीने १९४९ पासून सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी केली, पुढे देशपातळीवर मलकानी समिती नेमली गेली. टोपली गेली, तिच्या जागी टाकी आली. टाकीने मैला नजरेआड केला आणि त्याबरोबर तो उपसणारा माणूसही नजरेआड केला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः शौचालयाच्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी मुरलेले खत हाताने बाहेर काढले. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. त्या एका कृतीने दोन खड्ड्यांच्या पद्धतीचा जितका प्रचार झाला, तितका शेकडो भित्तिपत्रकांनी झाला नसेल. सचिवांना जे जमले ते शाखाशाखांत समरसतेची गीते गाणाऱ्यांना जड जाऊ नये. बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविरुद्ध जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिचे स्मरण दरवर्षी होते. त्या भूमिकेची परीक्षा सभागृहात होत नाही. ती घरामागच्या खड्ड्यापाशी होते.

करायचे काय, हे अगदी स्पष्ट आहे. यंदा गणपतीसाठी गावी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपली टाकी आणि विहीर यांतील अंतर मोजावे आणि पावसाळ्यात विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. पाण्यातील नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. उकळल्याने ते जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. टाकीत कोणत्याही माणसाला, कितीही पैसे देऊन, उतरवणार नाही असा निश्चय करावा. गावातील गवंड्यांना दोन खड्ड्यांचे बांधकाम शिकवण्याची व्यवस्था कार्यकर्त्यांनी करावी, सड्यावर आणि पुळणीवर कोणता आराखडा चालेल याची नोंद ग्रामसभेत करून घ्यावी. आणि गावातला पहिला मुरलेला खड्डा उघडेल, तेव्हा तो गावातील प्रतिष्ठितांनी, सर्वांसमक्ष, स्वतःच्या हातांनी उपसावा. ते खत देवळाच्या आवारातील माडांना घालावे.

परशुरामांनी समुद्राकडून भूमी मागून घेतली, अशी कथा आहे. त्या भूमीवर राहणाऱ्यांना समुद्र हटवायचा नाही, केवळ एक झाकण उचलायचे आहे. तेही जर आपल्या हातून होणार नसेल, तर दुसऱ्या कोणाला तरी त्यासाठी खाली उतरावे लागेल, आणि तो वर येईलच याची हमी कोणीही देऊ शकणार नाही.